डॉक्टरी बॅगेतले सत्तर हजार डॉलर

मराठी नाटक, सिनेमा, मालिका आणि संगीतातल्या नामवंत कलावंतांना,



देशात कुठं काही घडलं की तुमची झडती सुरू होते. अमुक बोलला, तमुक गप्प का? मग तुमच्यातला एखादा दोन ओळी लिहितो, दुसऱ्या दिवशी काढून टाकतो आणि चार दिवस दोन्हीकडच्या शिव्या खातो. हे पत्र तुम्हाला 'बोला' असं सांगण्यासाठी नाही. बोलणाऱ्यांची आपल्याकडं टंचाई नाही. मी एका लहानशा संस्थेचा जमाखर्च लिहिते, आणि माझं मागणं त्या वहीतून निघालेलं आहे. ते मांडण्याआधी अमेरिकेतल्या काही गायक-नटांची हकिकत सांगते. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात त्यांनी काय केलं हे आपल्याकडं बहुतेकांना छायाचित्रांतूनच माहीत आहे. छायाचित्रांत त्यातला महत्त्वाचा भाग आलेलाच नाही.

१९६४ चा उन्हाळा. मतदार म्हणून कृष्णवर्णीयांची नावनोंदणी करायला उत्तरेकडचे शेकडो विद्यार्थी मिसिसिपी राज्यात गावोगाव जाऊन राहिले होते. या कामाची मुख्य धुरा 'स्निक' या विद्यार्थी संघटनेकडं होती. २१ जूनला चेनी, गुडमन आणि श्वर्नर हे तीन कार्यकर्ते बेपत्ता झाले. भरधाव गाडी चालवल्याचं निमित्त करून पोलिसांनी त्यांना आत टाकलं, रात्री सोडलं आणि वाटेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेच्या माणसांनी गाठलं. ४ ऑगस्टला एका मातीच्या बंधाऱ्यात त्यांचे मृतदेह सापडले. एवढं झाल्यावर विद्यार्थी घराकडं वळतील असं कुणालाही वाटलं असतं. पण बरेच जण म्हणाले, आम्ही थांबतो. आता माणसं थांबणार म्हणजे जेवण आलं, पेट्रोल आलं, जामीन आला, टेलिफोन आला. संघटनेच्या तिजोरीत खडखडाट. सचिव जेम्स फोरमन यांनी न्यूयॉर्कला हॅरी बेलाफॉन्टे यांना फोन केला.

बेलाफॉन्टे तेव्हा अमेरिकेतल्या सर्वांत लोकप्रिय गायकांपैकी एक. जन्म हार्लेमचा, घराणं कॅरिबियन बेटांवरचं. कॅलिप्सो गाण्यांची त्यांची तबकडी लाखांनी खपलेली. त्यांनी ओळखीपाळखीच्यांना फोन लावून काही दिवसांत सत्तर हजार डॉलर उभे केले. पण पोचवायचे कसे? मिसिसिपीत तारेनं रक्कम पाठवली तर ती घ्यायला जाणारा कार्यकर्ता परत येईलच याची खात्री नव्हती. म्हणून रोकड हातानं न्यायची ठरली. नोटा डॉक्टर वापरतात तसल्या काळ्या बॅगेत भरल्या आणि सोबतीला बेलाफॉन्टेंनी मित्राला गळ घातली. मित्र म्हणजे सिडनी पॉटिये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रमुख भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय नट. बेलाफॉन्टेंचं गणित साधं होतं: एका प्रसिद्ध माणसाला मारण्यापेक्षा दोघांना मारणं जरा अवघड जाईल.

रात्री एका छोट्या विमानानं ते ग्रीनवूडच्या धावपट्टीवर उतरले. संघटनेची गाडी घ्यायला आली होती. गाडी निघाली तसे अंधारात पलीकडून दिवे लागले. क्लॅनवाले पिकअप ट्रक घेऊन थांबलेले होते. मागचा ट्रक गाडीला धडका देऊ लागला. पाहुणे म्हणाले, गाडी पळवा. चालवणाऱ्या कार्यकर्त्यानं वेग काही वाढवला नाही. कारण वेगमर्यादा ओलांडली की पुढं पोलीस अडवणार, आणि पोलिसांनी अडवलं की काय होतं हे जूनमध्ये सगळ्यांनी पाहिलं होतं. तो गाडी डावी-उजवीकडं घेत राहिला, ट्रकला शेजारी येऊ दिलं नाही. अखेर संघटनेच्या आणखी गाड्या समोरून आल्या तेव्हा ट्रक मागं फिरले. ग्रीनवूडच्या सभागृहात लोक वाट पाहत बसले होते. बेलाफॉन्टेंचं 'डे-ओ' हे गाणं त्यांनी स्वातंत्र्याचे शब्द घालून म्हटलं, आणि बॅग टेबलावर उपडी झाली.

हा प्रसंग सिनेमासारखा आहे म्हणून सगळे सांगतात. मला त्यातलं वेगळंच आवडतं. त्या पैशातून कोणतीही इमारत उभी राहिली नाही, कोनशिला बसली नाही. सगळी रक्कम किरकोळ खर्चात गेली.

हा 'किरकोळ खर्च' काय असतो ते जमाखर्च लिहिणाऱ्यालाच कळतं. देणगीदाराला इमारत आवडते, रुग्णवाहिका आवडते, तिच्यावर नाव रंगवता येतं. पेट्रोलच्या पावतीवर कुणाचं नाव येत नाही. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक देणग्यांना शेपूट असतं: हे पैसे मानधनाला वापरू नयेत, प्रशासकीय खर्चाला वापरू नयेत. म्हणजे काम व्हावं, पण ते करणाऱ्यानं जेवू नये. स्निकच्या पूर्णवेळ कार्यकर्त्याला आठवड्याला दहा डॉलर मिळत, कर कापून हातात ९ डॉलर ६४ सेंट. संघटनेनं ठरावीक मासिक दराची लांब पल्ल्याची टेलिफोन लाइन घेतली होती. तिच्यावरून खेड्यातला कार्यकर्ता गावातल्या गोऱ्या ऑपरेटरला मध्ये न घेता मुख्य कार्यालयाशी थेट बोलू शके. कोण निघाला, कोण पोचला, कोण पोचला नाही, याची रोज नोंद व्हायची. त्या लाइनच्या बिलावर माणसांचे जीव अवलंबून होते. अशा बिलाला देणगीदार कुठून आणायचा?

बेलाफॉन्टेंना हे कळलं होतं, म्हणून त्यांची मदत अशाच ठिकाणी पोचलेली दिसते. या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग त्यांना १९५६ मध्ये हार्लेममध्ये पहिल्यांदा भेटले. पुढं बेलाफॉन्टेंनी किंग यांच्या आयुष्याचा विमा उतरवला, हप्ते स्वतः भरले, घरात मदतीला बाई ठेवण्याचा खर्च उचलला. १९६८ मध्ये किंग यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्यामागं शिल्लक म्हणावी अशी फारशी नव्हती. बायको आणि चार मुलांच्या हाती आली ती मुख्यतः ही विम्याची रक्कम. नेत्याच्या बायकोला रात्री झोप यावी ही सोय जाहीरनाम्यात कुणी लिहीत नाही, पण तिच्यावाचून नेता रस्त्यावर उतरू शकत नाही.

बर्मिंगहॅमचा प्रसंग याहून बोलका आहे. एप्रिल १९६३. किंग यांचं आंदोलन सुरू झालं होतं आणि तीनेकशे माणसं तुरुंगात होती. त्या सगळ्यांना भरवसा दिला होता की जामिनाची सोय होईल. नगरपालिकेनं बरोबर तिथंच बोट ठेवलं. जामीन भरून देणाऱ्या व्यावसायिकाची ऐपत आता पुरेशी नाही, असं तिनं कळवलं. १२ एप्रिल, गुड फ्रायडेची सकाळ. गॅस्टन मोटेलच्या ३० नंबरच्या खोलीत वीस-पंचवीस सहकारी दाटीवाटीनं बसलेले. किंग यांनी त्याच दिवशी मोर्चांवरचा मनाईहुकूम मोडून अटक करून घ्यायची असं ठरलेलं. आता सहकारी म्हणू लागले, तुम्ही आत गेलात तर पैसे कोण जमवणार? तुमच्याच नावावर पैसे येतात. दोन्हीकडून अडचण. किंग आतल्या खोलीत गेले आणि कामगारी पोशाख घालून बाहेर आले. पैशाचं काय होईल माहीत नाही, पण मी जातो, एवढंच त्यांनी सांगितलं. आठ दिवस ते कोठडीत राहिले. सगळ्या जगाला ठाऊक असलेलं त्यांचं 'बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र' तिथंच लिहिलं गेलं. कोठडीत असतानाच वकील क्लॅरन्स जोन्स निरोप घेऊन आले: बेलाफॉन्टेंनी जामिनासाठी पन्नास हजार डॉलर जमवले आहेत, आणखी लागले तर तेही जमवतील.

ती पन्नास हजारांची बातमी आली नसती तर काय झालं असतं? पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांनी मोर्चे काढले आणि तुरुंग भरले. पोलिसी कुत्रे आणि पाण्याचे फवारे जगानं पाहिले. आधी पकडलेले तीनशे जण सुटत नाहीत हे दिसत असताना किती आयांनी आपल्या पोरांना घराबाहेर सोडलं असतं? इतिहासाची पुस्तकं भाषणाला पानं देतात आणि जामिनाला तळटीप. माझा हिशोब उलटा आहे.

आता कुणी म्हणेल, ताऱ्यांना पैसा गोळा करणं सोपंच. तसं नाही, आणि तारे नसलेल्यांनीही तो गोळा केला. १९६२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीच्या चळवळीतून चार तरुण गायक पुढं आले: कॉर्डेल रेगन, बर्निस जॉन्सन, रुथा मे हॅरिस आणि चार्ल्स नेब्लेट. त्यांचं नाव 'फ्रीडम सिंगर्स'. एका ब्यूक गाडीत बसून ते हजारो मैल फिरले, कॉलेजं, चर्च, लोकांचे दिवाणखाने, जिथं जमेल तिथं गायले आणि आलेला पैसा स्निककडं पाठवत राहिले. साथीला वाद्यही नसे. त्यांच्या कार्यक्रमांच्या तारखा जुळवण्याचं किचकट काम टोशी सीगर करत; त्यांचे पती पीट सीगर प्रसिद्ध लोकगायक. तारखा जुळवणाऱ्याचं नाव मागं राहतं हे तुमच्या क्षेत्राला सांगायला नको.

किंग यांच्या पत्नी कोरेटा यांनी बॉस्टनच्या संगीत विद्यालयात शिक्षण घेतलं होतं. ५ डिसेंबर १९५६ ला, कृष्णवर्णीयांना बसमध्ये वेगळं बसवण्याविरुद्धच्या माँटगोमेरीच्या बस बहिष्काराला वर्ष झालं त्या दिवशी, न्यूयॉर्कला मदतीसाठी जलसा झाला. त्यात ड्यूक एलिंग्टन आणि बेलाफॉन्टेंबरोबर कोरेटाही होत्या. १९६४ पासून त्यांनी गाणं आणि निवेदन यांची गुंफण करून 'फ्रीडम कॉन्सर्ट' केले; उत्पन्न चळवळीला. डिक ग्रेगरी हा विनोदवीर. मतदार नोंदणी करता काय, म्हणून मिसिसिपीच्या लफ्लोर काउंटीनं १९६२-६३ च्या हिवाळ्यात गरिबांना मिळणारं सरकारी धान्य बंद केलं, तेव्हा त्यानं शिकागोहून विमान भरून अन्न पाठवलं. आपल्याकडं विनोदवीरानं टीका केली की तो वाचेल का याची चर्चा होते. या गृहस्थानं धान्याच्या गोण्यांची वाहतूक केली.

मार्च १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून निघालेला मोर्चा माँटगोमेरीच्या वेशीवर मुक्कामाला थांबला. त्या रात्री चिखलात हजारो लोकांपुढं ताऱ्यांचा कार्यक्रम झाला. मंचाला लाकूड मिळेना, तेव्हा अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या स्थानिक कृष्णवर्णीय व्यावसायिकांनी शवपेट्या दिल्या आणि त्यांवर फळ्या टाकून मंच झाला. निना सिमोन, टोनी बेनेट, जोन बाएझ त्यावर उभे राहिले. सॅमी डेव्हिस ज्युनियर यांचं 'गोल्डन बॉय' हे नाटक तेव्हा ब्रॉडवेवर चालू होतं. त्या रात्रीचा प्रयोग त्यांनी बंद ठेवला. हाउसफुल्ल चाललेल्या नाटकाचा प्रयोग बंद ठेवणं म्हणजे काय, ते निर्माता, बुकिंगवाले आणि पडद्यामागचे कामगार या सगळ्यांना किती महागात पडतं, हे तुमच्याइतकं कोण जाणतं? ४ एप्रिलला मॅजेस्टिक थिएटरमध्ये ब्रॉडवेच्या कलावंतांनी सेल्मासाठी मदतीचा खास प्रयोग केला, त्यातही डेव्हिस पुढं होते.

या कथेत डागही आहेत. फेब्रुवारी १९६० मध्ये किंग यांच्यावर अलाबामात प्राप्तिकराच्या विवरणाबाबत खोटी शपथ घेतल्याचा खटला उभा राहिला. बचावाच्या खर्चासाठी समिती झाली आणि २९ मार्चच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात आली. खाली मार्लन ब्रँडो, पॉटिये, बेलाफॉन्टे, नॅट किंग कोल, महालिया जॅक्सन अशी नावं आणि पैसे पाठवण्याचं कुपन. मजकूर एका नाटककाराच्या हातचा, त्यामुळं ठसठशीत. पण तपशिलात चुका. किंग यांना चार वेळा अटक झाली होती, जाहिरातीत सात वेळा छापलं. वर दक्षिणेतल्या चार पाद्र्यांची नावं त्यांना न विचारताच घातलेली. माँटगोमेरीचं पोलीस खातं ज्यांच्याकडं होतं ते नगर आयुक्त सलिव्हन यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि ज्युरीनं पाच लाख डॉलर मंजूर केले. न्यूयॉर्कच्या ताऱ्यांना काही तोशीस लागली नाही. त्या चार पाद्र्यांची मात्र मालमत्ता जप्त झाली; त्यांच्यापैकी अ‍ॅबरनॅथींची गाडी आणि जमीन लिलावात गेली. किंग यांना मे महिन्यात केवळ गोऱ्यांच्या ज्युरीनं निर्दोष सोडलं. सलिव्हन यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६४ मध्ये एकमतानं फिरवला गेला. आज अमेरिकेत सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या वृत्तपत्राला जे संरक्षण आहे त्याचा पाया हा निकाल आहे. देणगीच्या कुपनातून एवढं मोठं निघालं हे खरं. पण दूर बसून मदत करणाऱ्याच्या निष्काळजीपणाचं बिल जागेवर असणारा भरतो, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

दुसरा डाग असा की पैसा मर्जीनं येतो तसा मर्जीनं जातो. १९६६ नंतर स्निकनं 'ब्लॅक पॉवर'ची भाषा धरली, १९६७ मध्ये अरब-इस्रायल प्रश्नावर पॅलेस्टिनींची बाजू घेतली, आणि बरेच हितचिंतक बाजूला झाले. गायक-नट थिओडोर बिकेल यांनी जाहीरपणे संघटना सोडली. त्यांच्या विचारांशी ते प्रामाणिक राहिले, यात दोष काढता येत नाही. पण किंग यांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्यावर त्यांच्याकडचाही देणग्यांचा ओघ आटला, तेव्हा बेलाफॉन्टे मात्र त्यांच्यासोबत राहिले. आपल्याला न पटणारं वाक्य ऐकूनही हप्ता चुकू न देणारा माणूस विरळा, आणि चळवळीला तोच लागतो.

किंमत काय मोजावी लागते याचीही बेलाफॉन्टेंना पूर्ण कल्पना होती. त्यांच्या गुरुस्थानी असलेले गायक-नट पॉल रोबसन यांचं पारपत्र त्यांच्या राजकीय मतांमुळं सरकारनं १९५० ते १९५८ अडवून ठेवलं, सभागृहांनी दारं बंद केली, उत्पन्न पार ढासळलं.  उलट नॅट किंग कोल. काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणाऱ्या प्रेक्षागृहांत ते गात, मी फक्त गायक आहे म्हणत. एप्रिल १९५६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावर गोऱ्या माणसांनी चढून त्यांना पाडलं. फक्त गायक असणं त्यांच्या कामी आलं नाही. पुढं ते नागरी हक्कांच्या एका संघटनेचे आजीव सभासद झाले, आणि वरच्या जाहिरातीखाली त्यांचं नाव आहेच.

हे सगळं परदेशातलं, असं म्हणून पत्र बाजूला ठेवू नका. ८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी एकत्र येऊन टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान' केलं. 'संयुक्त मानापमान' गाण्यांसाठी अजून आठवलं जातं, फंडाची आठवण कुणी काढत नाही. आणि पुढं कित्येक वर्षांनी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांनी 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभारला. अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग नामवंत कलावंतांनी निधीसाठी केले, आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू झालं. मानधन! माझ्या देणगीदारांना नको असलेला नेमका तोच रकाना. लागू आणि फुले यांनी बेलाफॉन्टेंची हकिकत वाचली होती की नाही, त्यानं फरक पडत नाही. दोन्हीकडच्या नटांना एकच गोष्ट उमगली होती.

तर मागणं असं. वर्षातून एक प्रयोग, एक मैफल किंवा एक दिवसाचं मानधन द्या. सगळे मिळून एक निधी करा, विश्वस्त तुमच्याबाहेरचे ठेवा, आणि दरवर्षी ताळेबंद वर्तमानपत्रात छापा. पैसे द्यायचे ते पूर्णवेळ काम करणाऱ्यांच्या मानधनाला, त्यांच्या आरोग्यविम्याला, वकिलाच्या फीला, जामिनाला, एसटीच्या भाड्याला आणि फोनच्या बिलाला. कुणाला द्यायचं यावर तुमच्यात मतभेद होतील, होऊ द्या. ज्याला जे काम पटतं त्यानं त्याला द्यावं, पण एकदा दिल्यावर पाच वर्षं हप्ता मोडायचा नाही. कार्यकर्त्याचं नाव कुठंही छापण्याआधी त्याला विचारायचं. फलक लावायचा नाही, उद्घाटन करायचं नाही, चेक देताना फोटो काढायचा नाही.

पुढच्या हंगामाच्या तारखा तुमच्या व्यवस्थापकांनी लावायला घेतल्या असतील. त्यातली एक तारीख आजच राखून ठेवा.

आपली,
तिसऱ्या रांगेतली एक प्रेक्षक